पुराचे पाणी

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तो वऱ्हांड्याच्या आढ्याला तारेने टांगलेला आहे आणि शिपाई त्याच्यावर लोखंडी गजाने ठोके देतो. दोन वर्षांमागे ऐन श्रावणात त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने दगा दिला आणि मधल्या सुट्टीचे टोल वीस मिनिटे आधीच पडले. मी सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवीत होतो. टोल पडले मात्र, निम्म्या वर्गाचे हात दप्तरांत गेले, दोनचार डब्यांची झाकणे खटाखट उघडली, आणि पुढच्या बाकावरचा एक गुबगुबीत मुलगा तर चक्क आवंढा गिळताना मला दिसला. भूक लागण्याची वेळ अजून झाली नव्हती; पण तोंडाला पाणी सुटायला भुकेची गरज नव्हती, टोल पुरेसे होते.

शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली आणि वर शहाणपणाने पुस्ती जोडली, "अगदी पाव्हलोवची कुत्री हो!" सगळे हसले. पाव्हलोव, कुत्रे आणि घंटा हे त्रिकूट ठाऊक नाही असा शिक्षक विरळा. पण विज्ञानाच्या बाई हातातल्या वह्यांवरून नजर वर करून म्हणाल्या, "सर, पण त्या कुत्र्यांचे पुढे काय झाले?"

मला सांगता येईना. हा प्रश्न मला तोपर्यंत कधी पडलाच नव्हता. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला तो पडू नये याची थोडी लाजही वाटली. म्हणून मी जिल्ह्याच्या गावी ग्रंथालयात जाऊन पुस्तके आणली, कोश समोर ठेवून इंग्रजी वाचली, आणि जे हाती लागले ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यात माझ्या घरचेही थोडे आले आहे. ते आल्यावाचून राहिले नाही.

इव्हान पेत्रोविच पाव्हलोव १८४९ साली मध्य रशियातल्या र्‍याझान गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्माला आला. लहानपणी उंचावरून पडून त्याला असे दुखणे जडले की शाळेचे तोंड पाहायला अकरावे वर्ष उजाडले. वडिलांची वाट धरून तोही धर्मोपदेशक व्हायचा. पण तशा शाळेत शिकत असतानाच सेचेनॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचे 'मेंदूचे प्रतिक्षेप' हे १८६३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक त्याच्या हाती पडले. विचार, इच्छा, भावना या सर्वांच्या मुळाशी मज्जातंतूंचे व्यापार आहेत, असे सांगणारे ते पुस्तक. धर्मोपदेशकाच्या मुलाने ते वाचले आणि १८७० साली त्याने सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठाची वाट धरली. एखादे पुस्तक योग्य वयात आडवे आले तर काय होते पाहा!

पुढे त्याने पचनसंस्थेचा ध्यास घेतला. कुत्र्याच्या पोटावर नाजूक शस्त्रक्रिया करून जठरातला रस बाहेर नळीत गोळा करायचा, तो मोजायचा आणि काय खाल्ले की किती रस पाझरतो याचे कोष्टक मांडायचे, हे त्याचे काम. त्याचा हात असा सफाईदार की शस्त्रक्रियेनंतर कुत्री पूर्ववत हिंडतफिरत. त्या रसाला गिऱ्हाईकही होते. अपचनावर औषध म्हणून कुत्र्यांच्या जठरातला तो रस बाटल्यांत भरून विकला जाई आणि त्या उत्पन्नावर प्रयोगशाळेच्या खर्चाचा काही भाग निघे. हे वाचून मला क्षणभर मळमळले; पण आपल्याकडच्या औषधांची मुळे शोधू गेल्यास आपणही फारसे बोलू नये हे बरे. या पचनाच्या अभ्यासाबद्दल त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रशियाला मिळालेले ते पहिलेच नोबेल.

कुत्र्यांची गोष्ट सुरू झाली ती या अभ्यासात आलेल्या एका अडचणीतून. अन्न तोंडात पडले की लाळ सुटते, यात नवल नाही. पण प्रयोगशाळेतली मुरलेली कुत्री अन्न दिसण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची पावले वाजताच लाळ गाळू लागत. मोजमाप बिघडे. दुसऱ्या एखाद्याने ही कटकट म्हणून बाजूला सारली असती. पाव्हलोवने, वयाची पन्नाशी उलटल्यावर आणि पचनात एवढे नाव कमावल्यावर, उरलेले सारे आयुष्य त्या कटकटीच्या मागे घातले. पावलांचा आवाज काही खाण्याची वस्तू नव्हे. मग तो लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचतो कोणत्या वाटेने?

आणि घंटा? ती त्याच्या लिखाणात कुठेकुठे येते, नाही असे नाही. पण तिचे एवढे प्रस्थ नव्हते. त्याचे आवडते साधन मेट्रोनोम, म्हणजे संगीत शिकणाऱ्यांपुढे ठेका धरून टकटकणारे यंत्र. त्याशिवाय विजेचे दिवे, शिट्ट्या, कातडीला हलका स्पर्श असे नाना प्रकार असत. ठेका सुरू करायचा, काही क्षणांनी अन्न द्यायचे. असे काही वेळा झाले की नुसत्या ठेक्याने लाळ ठिबकू लागे, आणि ती थेंबाथेंबाने मोजता येई. या प्रतिक्षेपाला त्याने जे रशियन नाव दिले त्याचा सरळ अर्थ 'सशर्त'. अमुक शर्त पाळली तरच टिकणारा. इंग्रजीत जाताना त्याचे 'घडवलेला' असे काहीसे झाले आणि मराठीत आपण 'अभिसंधित' असा जड दगड त्याच्या गळ्यात बांधला. मला मूळचा 'सशर्त'च शब्द आवडतो. ठेक्यामागून अन्न येईनासे झाले की शर्त मोडते आणि लाळही हळूहळू थांबते.

पण थांबते म्हणजे पुसली जाते काय? नाही. याचे मला सर्वांत नवल वाटले. ठेका वाजवून वाजवून, अन्न न देऊन, पाव्हलोवने लाळ पूर्ण थांबवावी, कुत्र्याला विसावा द्यावा, आणि थोड्या वेळाने पुन्हा ठेका धरावा तो लाळ आपली पुन्हा हजर! शिकलेले गेले नव्हते, त्याच्यावर नवे काहीतरी बसून त्याला दाबून धरीत होते. पाटीवरचे अक्षर बोटाने पुसले तर जाते. हे तसे नव्हे. हे शेणाने सारवलेल्या जमिनीसारखे होते. सारवण नवे, पण खालची भेग जागच्या जागी.

आता त्या प्रयोगाकडे येतो जो वाचून शाळामास्तराने पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसावे. १९१४ च्या सुमारास पाव्हलोवच्या प्रयोगशाळेत एका विदुषीने कुत्र्याला दोन आकृती दाखवायला सुरुवात केली. वर्तुळ दिसले की अन्न, लंबवर्तुळ दिसले की काही नाही. कुत्रा लवकर शिकला. मग ते लंबवर्तुळ हळूहळू फुगवीत वर्तुळाच्या जवळ जवळ आणले. कुत्रा तरीही फरक ओळखत गेला. शेवटी लांबीरुंदीचे प्रमाण ९ ला ८ असे झाले. तीन आठवडे तो प्राणी धडपडला. आधी थोडे जमले, मग जमेना, आणि मग आधीचे सोपे फरकदेखील त्याला ओळखता येईनात. इतके दिवस शांत उभा राहणारा तो कुत्रा केकाटू लागला, पट्ट्यांशी झगडू लागला, नळ्या दातांनी तोडू लागला. त्याला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. फक्त त्याला कळेनासा होईल असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता. घरी आजीला तो सनावळ्या घडाघडा म्हणून दाखवी आणि माझ्यापुढे उभा राहिला की मुका होई. मी कधी हात उगारला नाही. पण मी त्याला कसे प्रश्न विचारत असे ते मला आठवते. उत्तर बरोबर आले तर "नक्की?" असे विचारायचे, चुकले तरी तसेच "नक्की?" विचारायचे. मुलांनी विचार करावा म्हणून मी ही युक्ती काढली होती आणि तिचा मला अभिमान होता. एके दिवशी त्याने हातातली वही फाडली. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. तेव्हा मला या रशियन कुत्र्याची गोष्ट माहीत नव्हती.

असो. बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. पुढे काय झाले?

पुढे पहिले महायुद्ध आले, १९१७ ची क्रांती आली, यादवी आणि दुष्काळ आला. पेत्रोग्राडमध्ये माणसांना पाव मिळेना तिथे कुत्र्यांना कोण घालणार? प्रयोगशाळेतली कुत्री एकामागून एक भुकेने मेली. १९२० साली एच. जी. वेल्स हा इंग्रज कादंबरीकार पाव्हलोवला भेटायला गेला, तेव्हा नोबेल मिळालेला तो सत्तरीचा म्हातारा जुन्या कोटात काम करीत होता आणि त्याच्या अभ्यासिकेत त्याने स्वतः पिकवलेले बटाटे आणि गाजरे रचून ठेवली होती. तो देश सोडून जाईल या धास्तीने लेनिनने जानेवारी १९२१ मध्ये खास हुकूम काढून त्याच्या कामाची आणि शिध्याची सोय लावून दिली. पाव्हलोव नव्या राजवटीवर उघड टीका करीत असे. तरी त्याला कोणी हात लावला नाही. नवी कुत्री आली, काम पुन्हा उभे राहिले.

आणि मग २३ सप्टेंबर १९२४ चा दिवस उजाडला. शहराचे नाव त्याच वर्षी बदलून लेनिनग्राड झाले होते. हे शहर नेवा नदीच्या मुखाशी, सखल बेटांवर वसलेले. फिनलंडच्या आखातातून जोराचा वारा सुटला की समुद्राचे पाणी नदीच्या तोंडात घुसते आणि नदी उलटी फिरते. आपल्याकडे पूर येतो तो डोंगराकडून. तिथे समुद्राकडून येतो. १८२४ साली असाच प्रलय झाला होता आणि पुश्किनने त्यावर आपले प्रसिद्ध काव्य लिहिले. त्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना नदी पुन्हा चढली, नेहमीच्या पातळीहून ३.८० मीटर. म्हणजे घरातली कपाटे बुडावीत एवढी.

कुत्र्यांची घरे प्रयोगशाळेच्या मुख्य इमारतीपासून काही अंतरावर होती. पाणी पिंजऱ्यांत शिरले आणि वाढत गेले. कुत्री पोहू लागली. पोहत पोहत पिंजऱ्यांच्या छतापाशी गेली. नाके तेवढी पाण्याबाहेर. बाहेर वादळ, मोडणारी झाडे, लाटांचा आवाज. नोकर धावून आले, पण पिंजऱ्यांची दारे होती खाली, आता पाण्यात बुडालेली. कुत्र्याला वाचवायचे तर त्याचे डोके धरून ते पाण्याखाली दाबायचे आणि दारातून ओढून काढायचे, याला दुसरा मार्ग नव्हता. त्या प्राण्याच्या बाजूने क्षणभर पाहावे. ज्या हातांनी रोज खाऊ घातले तेच हात श्वासापुरत्या उरलेल्या हवेतून खाली खेचीत आहेत! माणसाच्या मनात काय आहे हे कुत्र्याला कसे कळावे? मग लहान लहान टोळ्यांनी पोहवत त्यांना मुख्य इमारतीत नेले, आणि तिथे वरच्या मजल्यावर, एरवी एकमेकांवर धावून जाणारी ती कुत्री गपगार एका ठिकाणी दाटीने बसून राहिली.

पूर ओसरला, प्रयोग पुन्हा सुरू झाले, आणि विलक्षण प्रकार लक्षात आला. काही कुत्र्यांना काहीच झाले नव्हते. ती जुन्या कामाला पूर्ववत लागली. पण काहींचे शिकलेले सारे नाहीसे झाले होते. वर्षभराच्या मेहनतीने घडवलेले प्रतिक्षेप एका दिवसात गेले. स्पेरान्स्की नावाचा सहकारी अशा एका कुत्र्यावर काम करीत होता. हा कुत्रा ठेक्याला लाळ गाळीना, समोर ठेवलेले अन्नही घेईना. एरवी कुत्रा एका खोलीत आणि प्रयोग करणारा दुसऱ्या खोलीत, अशी पद्धत होती. स्पेरान्स्की त्याच्याजवळ, त्याच खोलीत जाऊन बसू लागला. तेव्हा कुठे कुत्रा खाऊ लागला आणि त्याचे प्रतिक्षेप हळूहळू परतले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही; शेजारी ओळखीचा माणूस. एवढ्या कडक शिस्तीच्या प्रयोगशाळेत हे असे नोंदवून ठेवावे लागले याचा मला फार आनंद झाला.

कुत्रा बरा झाला असे वाटल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ती क्रूर होती, पण तिनेच खरे उत्तर दिले. खोलीच्या दाराखालून त्यांनी पाण्याची एक बारीकशी धार आत सोडली. पाणी जमिनीवर थोडेसे पसरले. कुत्रा ताडकन उठला, धापा टाकू लागला, खाली उतरण्यासाठी धडपडू लागला, आणि त्याचे सगळे प्रतिक्षेप पुन्हा नाहीसे झाले. नेवा केव्हाच आपल्या पात्रात परत गेली होती. कुत्र्यात मात्र ती होतीच.

योगायोग असा की याच १९२४ साली, दूर अमेरिकेत, मेरी कव्हर जोन्स नावाच्या एका तरुण बाईने उलट्या दिशेने वाट काढल्याचे प्रसिद्ध केले. पीटर नावाचा एक मुलगा, वय तीन वर्षांच्या आत. तो सशाला विलक्षण भिई. बाईंनी त्याला आवडीचा खाऊ द्यायला बसवावे आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावा. दुसऱ्या वेळी थोडा जवळ, पुढे आणखी जवळ. घाई नाही. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन कुरवाळू लागला. पाव्हलोवला प्रयोगशाळा आणि कुत्र्यांचा तांडा लागला; या बाईंना खाऊ आणि धीर पुरला. पण जगाने कुत्रा लक्षात ठेवला आणि ससा विसरला.

हे सारे मेंदूत घडते कुठे? पाव्हलोवला वाटे की मेंदूच्या वरच्या सालीत. पण १९३६ साली तो वारला तोपर्यंत त्याने जे पाहिले ते लाळेच्या थेंबांत. आत डोकावण्याची सोयच नव्हती. आत डोकावता आले ते एका दुर्दैवाने. हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन तरुण फेफऱ्याने हैराण झाला होता. १९५३ साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, डॉक्टर स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतला काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा अवयव बव्हंशी गेला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून नवी आठवण म्हणून त्याच्याजवळ राहीना. लहानपण आठवे, सकाळ आठवेना. डॉक्टरांच्या खोलीतून कोणी पाच मिनिटे बाहेर जाऊन आले तर त्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागे.

ब्रेंडा मिल्नर ही विदुषी कॅनडातून येऊन त्याला तपासत असे. तिने त्याच्यापुढे कागदावर एक तारा काढून ठेवला आणि सांगितले, हात आरशात पाहून या ताऱ्याच्या कडेने पेन्सिल फिरवा. वाचकांनी करून पाहावे. हात उलटसुलट भरकटतो. हेन्रीचाही भरकटला. तिने तीन दिवस, रोज दहा वेळा, हे करून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरला. आणि हेन्रीला? आपण हे पूर्वी कधी केले आहे याचा पत्ता नव्हता! हात शिकला होता आणि हाताच्या धन्याला ठाऊक नव्हते. हेन्री २००८ साली वारला, तोवर त्याला जग 'एच. एम.' या दोन अक्षरांनीच ओळखत होते.

भीतीचेही असेच आहे. जिनिव्हाच्या क्लापारेद या डॉक्टरने १९११ साली एक गोष्ट लिहून ठेवली. त्याच्या इस्पितळात स्मृती गेलेली एक बाई होती. रोज भेटणाऱ्या डॉक्टरलाही ती ओळखत नसे. एके दिवशी त्याने बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टोचल्याचे ती थोड्याच वेळात विसरली. पण पुढे त्याने हात पुढे केला तेव्हा तिने आपला झटकन मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. आज आपल्याला माहीत आहे की भीतीची ही नोंद बदामाएवढ्या अमिग्डाला नावाच्या भागाच्या आधाराने होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन रुग्ण तपासले होते. निळा रंग दाखवून कर्कश भोंगा वाजवायचा. ज्याचा अमिग्डाला गेला होता तो सांगे, निळ्यामागून भोंगा येतो, पण त्याचे अंग थरकत नसे. ज्याचा हिप्पोकॅम्पस गेला होता त्याचे अंग थरके, पण निळ्यामागून काय येते ते त्याला सांगता येत नसे. ज्याचे दोन्ही गेले होते त्याला ना हे, ना ते.

आणि त्याच्याही खाली, एकेका मज्जापेशीच्या पातळीवर? त्याचा शोध एरिक कँडेल याने समुद्रातल्या एका मोठ्या गोगलगायीत घेतला, कारण तिच्या मज्जापेशी थोड्या आणि चांगल्या जाड. तिला एकदा धक्का दिला तर ती काही मिनिटे दचकत राहते. दोन पेशींमधला निरोप तेवढ्यापुरता जोरकस होतो. पण पुन्हा पुन्हा, मध्ये विसावा देऊन धक्के दिले तर पेशींच्या गाभ्यातली जनुके जागी होतात, नवी प्रथिने घडतात आणि पेशीला नवे जोड फुटतात. काही पेशींत त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. मग ते दचकणे आठवडे आठवडे टिकते. आठवण म्हणजे वाढ आहे, शरीराची खरीखुरी वाढ. याबद्दल त्याला २००० साली नोबेल वाटून मिळाले. हा कँडेल मूळचा व्हिएन्नाचा ज्यू, खेळण्यांच्या दुकानदाराचा मुलगा. १९३८ च्या नोव्हेंबरात त्याला नववे वर्ष लागून गेले, वाढदिवसाला निळी खेळण्यातली मोटार मिळाली, आणि दोन दिवसांनी दारावर नाझी पोलिसांच्या थापा पडल्या. कुटुंबाला घर सोडावे लागले. परतले तेव्हा घर लुटलेले, मोटारही गेलेली. आठवणीच्या शास्त्राकडे आपण का वळलो हे सांगताना त्याने आत्मचरित्रात त्या थापांपर्यंत माग नेला आहे.

आता माझ्या घरचे.

माझ्या आईला तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. या आजारात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग लवकर झिजतो, असे डॉक्टरांनी सांगितले. आता ती मला ओळखत नाही. कधी मी तिचा धाकटा भाऊ असतो, कधी कोणीच नसतो. पण गेल्या दिवाळीत माझ्या पत्नीने करंज्यांचे पीठ मळले आणि सहज एक पारी तिच्या हातात दिली. आईने सारण भरले, कडा जुळवल्या आणि अंगठा व बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुरड घालत नेली. वेणीसारखी एकसारखी मुरड. ती करंजी परातीत ठेवून तिने विचारले, "हे कोणाकडचे आहे?" पुढची पारी हातात घेतली आणि तशीच मुरड घातली. अशा चाळीस झाल्या. मला तेव्हा हेन्रीचा तारा ठाऊक झाला होता, म्हणून मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर गेलो नाही. बसून पाहिले.

पण तिच्या अंगात नुसती मुरडच राहिलेली नाही. आमच्या जुन्या घराच्या अंगणाला लाकडी कवाड आहे. ते उघडताना लांब कुरकुरते. ते कुरकुरले की आई, कुठेही बसलेली असो, धडपडून उठते, पदर डोक्यावरून पुढे ओढते आणि भिंतीशी सरून उभी राहते. ओठ हलतात, जवळ गेल्यावर ऐकू येते, "मामंजी आले."

माझे आजोबा जाऊन चाळीस वर्षे होत आली. मी लहान होतो, मला ते मांडीवर घेऊन खडीसाखर देत. त्यांनी सुनेवर हात टाकला नाही. पण संध्याकाळी कवाड वाजले की ताट पाटावर मांडलेले हवे, पाणी तांब्यात हवे, आमटीला फोडणी नुकती बसलेली हवी. नसेल तर ताट अंगणात जाई. कोणत्या दिवशी जाईल ते सांगता येत नसे, कारण सगळे यथास्थित असूनही एखाद्या दिवशी जाई. वर्तुळ आणि लंबवर्तुळ. मी ते पाहिले होते आणि इतकी वर्षे त्याला 'आजोबांचा करारी स्वभाव' म्हणत आलो होतो. माझ्या एका कादंबरीत तसा एक करारी म्हातारा मी मोठ्या प्रेमाने रंगवलाही आहे.

बिजागरीला तेल घालावे, हे मला पहिल्यांदा सुचले. तेल आणलेही. पण मुलीने अडवले. ती दहावीला आहे आणि या लेखासाठी मी जे जे वाचत होतो ते जेवताना तिला सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, तेल घालून आवाज जाईल. उद्या शेजारच्यांचे कवाड वाजले तर आजी तिथेही उठेल. मला काही दिवस द्या." पीटर आणि ससा तिच्या डोक्यात होता, हे मला नंतर कळले.

त्या दिवसापासून ती शिकवणीहून येते तेव्हा कवाड मुद्दाम हळूहळू उघडते, आवाज थोडासाच होऊ देते, आणि थेट आजीकडे जाऊन, दप्तरही खाली न ठेवता, तिच्या हातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवते. मग काही वेळ तिच्याजवळ नुसती बसते. पहिला महिनाभर काही फरक पडला नाही. आई भिंतीशी उभी, खडा हातातून खाली पडलेला. मी म्हटले, पोरी, राहू दे आता. तिने ऐकले नाही. चातुर्मास असाच गेला.

परवा धनत्रयोदशीच्या पणत्या पुसून ठेवीत मी ओट्यावर बसलो होतो. कवाड कुरकुरले, चांगले मोठ्याने. आई उठली, पदर पुढे ओढला, भिंतीशी सरली. नात अंगणातून येईपर्यंत ती तशीच, खाली मान घालून. मग पदराआडून तिचा उजवा हात बाहेर आला आणि तळवा उघडून तिने तो पुढे धरला.